दावा क्रमांक एक

माझी खोली झेरॉक्स आणि भांडाराच्या मधली.
पाटी : तंत्रज्ञान हस्तांतरण कक्ष.
शिपाई म्हणतो 'बदलीचं ऑफिस'.
हस्तांतरण म्हणजे कुणीतरी इथून कुठंतरी जाणार,
एवढं त्याला कळतं. फार चूक नाही त्याचं.

शाकिरा मुल्ला मिरजेहून साडेआठच्या एसटीनं येते.
एके दिवशी डब्याच्या पिशवीतून तिनं यंत्र काढलं,
तांब्याएवढं, गळ्याला दोर बांधलेलं.
धान्याच्या कोठारात सोडायचं,
ते तीन ठिकाणी थांबून हवा हुंगतं,
आणि हवा वाईट असली की शिट्टी मारतं.

"तीनच ठिकाणी का?"
फॉर्मात हा प्रश्न नव्हता.
ती म्हणाली, "हरिपूरच्या धोंडीमामांनी सांगितलं."

हरिपूर. जिथं जमिनीच्या पोटात हळद झोपायची,
पेवाचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं.
माणसाच्या आधी कंदील उतरायचा.
धोंडी कोळेकर हवेत हात पसरून माप दाखवत होते :
"एकदम तळाला सोडला तर फसवतो त्यो.
तीन हातांवर थांबायचं. मग सहा. मग तळ.
वातीनं मान टाकली की दोर वर,
आन् मानूस घरी."
त्यांचा थोरला भाऊ एकदा थांबला नव्हता.
हे ते बोलले नाहीत. चहा देताना सून बोलली.

रात्री पुन्हा वाचला दावा क्रमांक एक :
'असे साधन, जे दोराच्या साहाय्याने
किमान तीन खोलींवर...'
प्रत्येक शब्दामागे कंदील हलत होता.
जगभरच्या पेटंटांत शोधलं. जपान सापडला, जर्मनी सापडली.
'हरिपूर' टाकलं : शून्य निकाल.
शून्य म्हणजे नवीन, असं कायदा म्हणत नाही.
पण कोण बघतंय?

शोधकाचं नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व.
धोंडीमामांना विचारलं, तुमचं घालू?
"माजं कशाला? मला तात्यानं शिकिवलं.
तात्याला कुनी, त्ये इचारायला तात्या न्हाई."

मी दावा एक खोडला.
प्राचार्य म्हणाले, "नखं काढून वाघ विकणार का, मॅडम?"
उरली ती शिट्टी, हवा ओढणारी नळी,
आणि ठिणगी न पाडणारी बॅटरी.
तेवढं मात्र शाकिराचं. तीन हिवाळे आणि एक मोडलेलं लग्न
त्या बॅटरीत आहे, पण त्यालाही रकाना नाही.

परवाना घ्यायला कुपवाडहून आदगोंडा मगदूम आले.
त्यांचे वडील मार्केट यार्डात
रुमालाखाली बोटं धरून हळदीचा भाव करायचे.
त्यांनी गमतीनं टेबलावर रुमाल पसरला.
"टक्क्यांचं कागदावर कशाला, ताई?"
मी रुमाल उचलला, चष्मा पुसला,
आणि म्हणाले, "चार."
साडेतीनवर बसलो.

कलम चौदा मी घातलं :
प्रत्येक खोक्यावर ठळक छापावे,
'आधी तीन हातांवर थांबा. हे हरिपूरच्या हमालांचे ज्ञान.'
त्यांच्या वकिलानं विचारलं, याचा मोबदला किती?
मी म्हटलं, "काही नाही. फक्त काढता येणार नाही."

पहिला चेक आला : चार हजार तीनशे बारा.
लेखा विभागाकडं त्यासाठी खातंच नव्हतं,
म्हणून रॉयल्टी जमा झाली 'भंगार विक्री व इतर' मध्ये.
तीन पत्रं लिहिली. चौथं लिहितेय.

एक खोकं घेऊन शाकिरा आणि मी हरिपूरला गेलो.
सुनेनं मोठ्यानं वाचून दाखवलं.
धोंडीमामा बराच वेळ गप्प.
मग यंत्राचा दोर मोजू लागले, कोपरापासून बोटापर्यंत,
एक, दोन,
आणि थांबले.
"हात म्हंजी कुनाचा?
माजा लांब. ह्या पोरीचा आखूड."

करारात बावीस शब्दांच्या व्याख्या आहेत.
'हात' राहून गेलाय.